जुन्या गाडीचे ब्रेक – लेखांक ६ : घाटात उकळणारे ऑइल

ड्रमच्या आतील चरे आणि लायनिंगची जाडी यांविषयी या खेपेस लिहिण्याचे मी कबूल केले होते. परंतु वाईच्या एका वाचकांनी पत्रातून जो प्रश्न विचारला आहे, तो इतका महत्त्वाचा आहे, की तो विषय आठवडाभर तहकूब ठेवणेच मला उचित वाटते. त्यांच्या प्रीमियर पद्मिनीच्या चारही चाकांना नवे ब्रेक शू बसवून फार दिवस झाले नव्हते. सहकुटुंब पाचगणीहून पसरणीच्या घाटाने उतरत असता, अर्ध्या घाटात पेडल एकाएकी मऊ पडले आणि भराभर दाबल्यावरच गाडी कशीबशी आवरली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने पाहिले, तो पेडल घट्ट, गळती कोठेच नाही, लायनिंग जवळजवळ कोरे! मग कसूर नव्या शूंचा काय, अशी त्यांची पृच्छा आहे.

माझ्या मते शू निर्दोष आहेत. घाटात ब्रेक प्रायः तीन तऱ्हांनी दगा देतात, आणि चालकाच्या तळपायाला त्या निरनिराळ्या कळतात. लायनिंग तापून त्याची पकड गेली, तर पेडल वरच ताठ राहते, पण गाडी थांबत नाही. ड्रम तापून प्रसरण पावला, तर पेडल नेहमीपेक्षा खाली जाते, तरी शेवटी टेकते. आणि नळ्यांतील ब्रेक ऑइल उकळले, तर पेडल लिबलिबीत होऊन जोर लावावा तसतसे खचत जाते. कारण द्रव दाबाने आकसत नाही, वाफ आकसते, आणि पायाचे सारे बळ ती वाफ दाबण्यातच खर्ची पडते. चाके निवाली, की वाफेचा पुन्हा द्रव होतो व पुरावा नाहीसा होतो.

हे ऑइल ग्लायकोलवर्गीय असल्याने हवेतील बाष्प शोषून घेणे हा त्याचा स्वभावधर्मच आहे. टाकीच्या झाकणातून आणि रबरी होजमधूनही ते बाष्प आत शिरते. कोऱ्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले, की ही किमान मर्यादा १४० अंशांवर येते. असे असता, शू नवे घालायचे आणि ऑइल मात्र वर्षानुवर्षांचे तसेच ठेवायचे, हा जो शिरस्ता पडला आहे, त्याला माझी सक्त हरकत आहे.

इलाज अल्प खर्चाचा आहे. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे, म्हणजे डावीकडचे मागले चाक प्रथम घ्यावे; मग उजवे मागले, डावे पुढले व अखेर उजवे पुढले. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील ऑइलात बुडवावे. एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने निप्पल सैल करावे, आणि ते पुन्हा आवळल्याखेरीज पहिल्याने पाय उचलू नये. आरंभी काळपट ऑइल येते. ते स्वच्छ व बुडबुड्यांविना येईतो हा क्रम चालू ठेवावा, आणि टाकी मध्येच रिती होऊ देऊ नये, नाहीतर हवा पुन्हा आत शिरते. रंगावर थेंब पडल्यास तत्काळ पाण्याने धुवावा, कारण तो रंग खातो. इंजिन ऑइल तर चुकूनही घालू नये. त्याने रबरी कप फुगतात आणि ब्रेक जाम होतात.

वाईच्या वाचकांनी ही तजवीज पुढल्या घाटापूर्वीच करावी, आणि तीही घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरण्याची सवय न सोडता. यासाठी सीलबंद डबाच घ्यावा. पूर्वी उघडून अर्धा राहिलेला डबा, झाकण कितीही घट्ट लावलेले असो, वापरू नये.