पहारेकऱ्याचा पगार कोणी द्यायचा?

पुणे महापालिकेचे २०२५-२६चे अंदाजपत्रक १२ हजार ६१८ कोटी रुपयांचे होते, मुंबईचे ७४ हजार ४२७ कोटींचे. हा पैसा कुठे जातो ते पाहायला कायद्याने माणसे नेमलेली आहेत. नगरसेवक आहेत, स्थायी समिती आहे, मुख्य लेखापरीक्षक आहेत. पण दोन्ही शहरांत नगरसेवकांची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. मधली जवळपास चार वर्षे आयुक्त हेच प्रशासक. प्रस्ताव त्यांच्या प्रशासनाचा, मंजुरीची सहीही त्यांचीच. ‘हे काम एवढ्या दराने का दिले?’ असे सभागृहात उठून विचारणारे कोणी नव्हते. जे विचारले ते वृत्तपत्रांनी आणि मूठभर नागरी संस्थांनी.

मुंबईत १९९७मध्ये स्थापन झालेले प्रजा फाउंडेशन हे काम करते. सभांची इतिवृत्ते आणि तक्रारींची आकडेवारी माहिती अधिकारात मिळवायची, त्यावरून लोकप्रतिनिधींचे प्रगतिपुस्तक काढायचे: हजेरी किती, प्रश्न किती, कशाबद्दल. पुण्यात विवेक वेलणकर यांचा सजग नागरिक मंच माहिती अधिकाराच्याच बळावर पालिकेच्या मागे लागलेला असतो. ही झाली नाव असलेली उदाहरणे. बाकीच्या शहरांत अशी संस्था म्हणजे एखादा निवृत्त अभियंता, एखादा बँकेतून बाहेर पडलेला माणूस, एखादा वकील आणि कोणाच्या तरी घरातली बाहेरची खोली.

फाइलमध्ये काय असते?

समजा, तुमच्या घरासमोरचा रस्ता गेल्या वर्षी झाला आणि या पावसाळ्यात उखडला. तुम्ही तक्रार करता, पालिकेची गाडी येते, खड्डा बुजवून जाते, प्रकरण मिटते. संस्था मात्र त्या रस्त्याची फाइल मागते. तिच्यात पूर्वगणनपत्रक असते, निविदा असते, कार्यादेश असतो, ठेकेदाराची बिले असतात आणि मोजमाप पुस्तिका असते. अभियंते तिला नुसते ‘एमबी’ म्हणतात. करारात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत रस्ता खराब झाला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची. मग दोनच प्रश्न उरतात. खड्डा बुजवला तो ठेकेदाराच्या पैशाने की तुमच्या मिळकतकरातून? आणि एमबीत लिहिलेला डांबराचा थर जागेवर तेवढाच जाड आहे का?

अशीच नजर ‘वर्गीकरणा’वर ठेवावी लागते. अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेली तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवणे, म्हणजे वर्गीकरण. नियमात ते बसते. पण पादचारी मार्गासाठी ठेवलेले पैसे मार्चअखेर नेमके कशाकडे वळले, हे वर्षभर माग ठेवल्याशिवाय कळत नाही. समितीच्या कार्यपत्रिकेत नसलेले, आयत्या वेळी दाखल करून घेतलेले विषयही असेच डोळ्यात तेल घालून पाहावे लागतात.

यासाठी लागणारे शुल्क किरकोळ आहे. महाराष्ट्रात माहितीच्या अर्जाला १० रुपये, प्रतीच्या पानाला २ रुपये, अपिलाला २० रुपये. अर्ज एकाच विषयावरचा आणि दीडशे शब्दांत बसवायचा. उत्तराची मुदत ३० दिवस. ते आले नाही किंवा अर्धवट आले, तर पहिले अपील, मग माहिती आयोग, आणि तिथे तारीख मिळेपर्यंत वाट पाहणे. खरा खर्च आहे तो चिकाटीने हे सगळे करणाऱ्या माणसाचा. तो पगारी असला तर काम वर्षानुवर्षे चालते. नसला तर त्याच्या गुडघ्यांनी दगा देईपर्यंत चालते.

पैसा कोणाचा चालेल?

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी इकडे सहसा वळत नाही. कंपनी कायदा २०१३च्या सातव्या परिशिष्टात शिक्षण, आरोग्य, पर्यावरण असे विषय आहेत. पालिकेचे हिशेब तपासणे हा विषय तिथे वेगळा दिलेला नाही. त्यातून ज्या कंपनीला पालिकेची परवानगी किंवा कंत्राट हवे असते, ती या भानगडीत कशाला पडेल? सरकारी अनुदान घ्यावे, तर ज्याला जाब विचारायचा त्याच्याच दारात हात पसरल्यासारखे. बांधकाम व्यावसायिकाची देणगी घेतली तर पुढच्या फाइलला हात लावताना बोट अडखळणार. सोसायटीच्या वॉचमनचा पगार चोराने द्यावा, असाच हा प्रकार. म्हणून अशा संस्थेला सर्वांत सुरक्षित पैसा म्हणजे पुष्कळ माणसांनी दिलेला थोडा थोडा पैसा. एक देणगीदार नाराज होऊन गेला तरी संस्थेचे काही अडत नाही.

शिवाय अशा पाठिंब्याने संरक्षणही मिळते. माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे हत्या झाली. अर्ज एकट्याच्या नावाचा असला की दबाव त्या एकट्यावर येतो. मागे पाचशे सभासदांची संस्था उभी असली, तर धमकावणाऱ्यालाही दोनदा विचार करावा लागतो.

देण्याआधी पाहा

माहिती अधिकाराच्या नावाखाली खंडणी उकळणारेही आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पारख अवघड नाही. मिळालेली कागदपत्रे संस्था सर्वांसाठी खुली करते, की गुपचूप संबंधितांनाच दाखवते? संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, लेखापरीक्षण झालेले हिशेब मागितल्यावर देते का? विश्वस्तांपैकी कोणी पालिकेचा ठेकेदार किंवा निवडणुकीतला उमेदवार आहे का? दुसऱ्याचा हिशेब मागणाऱ्याने आपला दाखवायला कां-कूं करता कामा नये.

करसवलतीचे गणितही समजून घ्या. संस्थेला प्राप्तिकर सवलतीची मान्यता असेल तर साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही मर्यादेत आणि जुन्या करप्रणालीतच. नव्या प्रणालीत ती नाही. दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर त्यावरही नाही. सवलत मिळाली तर घ्यावी, पण देणगी तेवढ्यासाठी नसावी.

पैसे देणे जमणार नसेल तर वेळ द्या. जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि महापालिकांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कागदपत्रे पाहू द्यावीत, असा आदेश राज्य सरकारने नोव्हेंबर २०१८मध्ये काढला आहे. सनदी लेखापालाने महिन्यातून एक सोमवार दिला, निवृत्त अभियंत्याने एक एमबी वाचून दिली, तरी संस्थेचे मोठे काम होते.

आपण मिळकतकर भरतो, पाणीपट्टी भरतो. त्या पैशावर लक्ष ठेवणारे आपल्या शहरात कोण आहे, हे या आठवड्यात शोधा. संस्था पारखून घ्या आणि पटली तर दरमहा शंभर रुपये बांधून द्या. आपल्या गावात अशी कोणतीच संस्था नसेल, तर पहिला अर्ज तुम्हीच करा.