तीन रेषा, एक बिंदू

गेल्या महिन्यातली गोष्ट. नववीतल्या लेकीचा भूमितीचा होमवर्क चालला होता. "बाबा, ऑर्थोसेंटर कसा काढायचा?" मी गडबडलो. मास्टर्स इथे केलं, वीस वर्षं इंजिनिअरिंगमध्ये गेली, पण भूमिती शिकलो ती मराठी माध्यमात. तिने आकृती दाखवली आणि ट्यूब पेटली. "अगं, हा तर शिरोलंबसंपात!"

"बाबा, दॅट्स वर्स!"

मग शब्द फोडून सांगितला. शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेला लंब तो शिरोलंब. तिन्ही शिरोलंब मिळतात तो संपात. तशीच बाजूच्या मध्याकडे जाणारी ती मध्यगा. शब्दातच व्याख्या!

"पण तिसरी रेषा त्याच बिंदूतून का जाते?" प्रश्न अगदी रास्त होता. दोन रेषा भेटल्या तर नवल नाही, तिसरीही तिथेच यावी हे नवल. त्यातल्या त्यात सोपे लंबदुभाजक. बाजूच्या लंबदुभाजकावरचा प्रत्येक बिंदू तिच्या दोन्ही टोकांपासून सारखाच दूर. अब आणि बक यांचे लंबदुभाजक जिथे भेटतात, तिथून अ, ब, क तिन्ही सारखेच दूर. मग अक चा लंबदुभाजक तिथून जाणारच! हेच परिकेंद्र, म्हणजे परिवर्तुळाचा मध्य.

आता आलेखाच्या कागदावर (0,0), (12,0) आणि (3,9) हे बिंदू जोडा. शिरोलंबसंपात येतो (3,3), मध्यगासंपात (5,3) आणि परिकेंद्र (6,3). तिन्ही एका रेषेत, आणि मधली अंतरं 2 व 1! हा योगायोग नाही. समभुज त्रिकोणात हे तिन्ही बिंदू एकच होतात. बाकी कुठलाही त्रिकोण घ्या, हेच प्रमाण मिळतं. स्विस गणिती ऑयलर याने हे दाखवलं, त्याचा लेख 1767 मध्ये छापला गेला. कोनदुभाजकांचा संपात मात्र या रेषेवर येतो तो फक्त समद्विभुज त्रिकोणात.

शेवटी तोच त्रिकोण पुठ्ठ्यातून कापला आणि (5,3) पाशी पेन्सिलीच्या टोकावर ठेवला. दोनदा पडला, तिसऱ्यांदा तोलला. लेक ओरडली, "मध्यगासंपात!"

खरं सांगतो, आमच्या घरात मराठी वरणभातापुरती आणि रागावण्यापुरती उरली होती. त्या संध्याकाळी ती होमवर्कच्या टेबलावर आली. उच्चार जरा अमेरिकन होता, पण शब्द तिचा स्वतःचा झाला होता.

येत्या रविवारी तुम्हीही पुठ्ठा आणि कात्री काढा. मुलांना जरूर बरोबर घ्या!