पतंगाच्या ओढीनें समुद्रप्रवास

हिंगोली जिल्ह्यांतील हट्टा हें गांव कोकणच्या समुद्रापासून चारशे किलोमीटरांहून दूर आहे. तरीही तेथल्या माळावर पतंग उडविणाऱ्या मुलाच्या बोटांना दोऱ्याची जी ओढ लागते, तिच्याच बळावर कांहीं धाडसी लोक किनाऱ्याकिनाऱ्यानें लांबचा जलप्रवास करितात. पायांखालीं फळी, कमरेला पट्टा आणि वीस-पंचवीस मीटर दोरांवर नऊ-बारा चौरस मीटरांचा पतंग. एवढीच त्यांची नौका.

कल्पना जुनीच आहे. १९०३ सालीं सॅम्युअल कोडी यानें पतंगानें ओढलेल्या होडींतून कॅलेहून डोव्हर गांठलें. परंतु पाण्यांत पडलेला पतंग पुन्हा उठवावा कसा? फ्रान्समधील लगेन्यू बंधूंनीं १९८४ सालीं हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचें पेटंट घेतलें, तेव्हां ही अडचण सुटली. असा पतंग तरंगतो, आणि वारा असेल तर पुन्हा चढतो. 'वारा असेल तर' हे शब्द ध्यानांत ठेवावे.

कोकणच्या नाखव्याला वाऱ्याची जी जाण असते, तीच येथें कामाची. पावसाळ्यांत समुद्रांत उतरणें म्हणजे मरण ओढवून घेणें. हिवाळा सरल्यावर मात्र दुपारीं जमीन तापते, तिच्यावरील हवा वर चढते आणि समुद्रावरून खारा वारा येऊं लागतो. पश्चिम किनाऱ्यावर तो बहुधा वायव्येचा. म्हणून दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो पाठीमागून तिरपा मिळतो आणि चुकल्यास जमिनीकडेच लोटतो. गोव्यांत मोरजीला या खेळाचे शौकीन याच दिवसांत जमतात. उलट, उत्तरेकडे जाणाऱ्याला नागमोडी वाट काढावी लागते व अंतर फारसें कटत नाहीं.

पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. गलबतांना खाडीबाहेर काढण्यास तो मोठा उपकारक होता, पण पतंगवाल्याला तो खोल समुद्रांत नेतो. गलबताला नांगर होता, आडोसा होता. याला कांहींच नाहीं. वारा पडला कीं पतंग पडतो, आणि प्रवासी फळीला धरून पोहत राहतो. यास्तव त्याचा दिवस चार-पांच तासांचाच, आणि खारा वारा मावळण्यापूर्वीं वाळू गांठलीच पाहिजे.

खरी परीक्षा खाड्यांच्या मुखाशीं होते. बाणकोट, दाभोळ, जयगड अशा ठिकाणीं ओहोटीचा प्रवाह बाहेर येतो, वारा आंत लोटतो, आणि दोहोंच्या झुंजींत लाटा उभ्या राहतात. तेथें कडे आहेत. उत्तरेकडे कोळ्यांच्या डोलजाळ्यांचे खुंट असतात. त्यांत दोर गुंतले तर सुरीनें कापण्यावांचून गत्यंतर नाहीं. म्हणून जाणते लोक जोडीला मचवा घेतात आणि मचव्यावर त्या खाडीचा माहीतगार कोळी.