मृगाच्या दमटपणात माल्ट

मृग लागला की रत्नागिरीत चपला, पुस्तकं, सगळ्यावर बुरशी चढते. सिंगल माल्टच्या बाटलीचं लेबलही त्यातून सुटत नाही. मी लेबलावर पातळ प्लास्टिक ताणून बसवतो आणि बाटली खोक्यात घालून अंधाऱ्या कपाटात उभी ठेवतो. आडवी ठेवली की तीव्र मद्य बुचाला खातं.

एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून गाळलेली ती सिंगल माल्ट. आमच्या जवळची म्हणजे गोव्यात कुंकळ्ळीला बनणारी पॉल जॉन. 2012 साली ती आधी लंडनला विक्रीला आली. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण 2 टक्के मद्य उडून जातं, गोव्याच्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट. म्हणून ती थोड्याच वर्षांत मुरते. वयाचा आकडा पाहून तिला कमी लेखणं मला मुळीच पटत नाही. तिच्या ‘बोल्ड’ या प्रकारात चार थेंब पाणी घाला, आधी धूर येतो, मग मधाचा गोडवा.

बाटलीत मात्र व्हिस्की मुरत नाही. अर्धी झाली की आत हवा वाढते, सुगंध उतरतो. काही महिन्यांत मित्रांना बोलावून संपवावी. आणि महाराष्ट्रात मद्य बाळगायला परवाना लागतो, गोव्याची बाटली परस्पर सीमेवरच्या बांद्याच्या अलीकडे आणू नये.