जीव वाचला, उपकार कुणाचे मानायचे?

घरातलं माणूस मरणाच्या दारातून परत आलं की वस्तीत पहिला शब्द कानावर पडतो, "देवच धावून आला." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा मानणाऱ्या घरात त्यानंतर प्रश्न उरतो. आपण हात जोडायचे कुणापुढे? श्रद्धा ठेवायची कशावर? गेल्या पावसाळ्यात आमच्या घरावर ही वेळ आली. विदर्भातल्या अनेक बौद्ध घरांवर ती येते, म्हणून इथं सांगतो.

माझ्या बहिणीचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. त्याला सिकलसेल आहे, 'एसएस' पॅटर्न. त्या दिवशी सकाळी त्याला थोडा ताप होता. दुपारपर्यंत पोरगं खेळेनासं झालं, सारखं पाणी मागू लागलं. ओठ आणि तळहात पांढरेफटक पडले. पोट डाव्या बाजूनं फुगलं. शेजारच्या बायका जमल्या. कुणी म्हणालं नजर लागली, मीठ-मोहरी उतरवा. कुणी म्हणालं कावीळ आहे, झाडपाल्याचं औषध द्या. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यानं तर नवससुद्धा सुचवला.

बहीण ऐकत बसली नाही. सिकलसेलच्या तपासणीला जाताना तिथल्या सिस्टरनं तिला डाव्या बरगडीखाली हात ठेवून प्लीहा कशी चाचपायची ते शिकवलं होतं. तिनं हात लावला. रोज जेमतेम लागणारी प्लीहा चार बोटं खाली आली होती. "दादा, १०८ ला फोन कर," एवढंच ती म्हणाली.

दवाखान्यात हिमोग्लोबिन भरलं ३.२. डॉक्टरांनी समजावलं ते असं. सिकलसेलमध्ये लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. कधी कधी त्या प्लीहेत अडकतात आणि लहान मुलाच्या अंगातलं बरंचसं रक्त काही तासांत तिथंच साचून बसतं. बाकीच्या शरीराला रक्त कमी पडतं. उशीर झाला तर मूल हाती लागत नाही.

रक्त लगेच हवं होतं. रक्तपेढीत ते मिळालं, आणि सिकलसेलच्या रुग्णाला ते मोफत मिळतं. डॉक्टरांनी ते एकदम न देता थोडं थोडं दिलं, कारण प्लीहेत अडकलेलं रक्तही हळूहळू परत येतं. त्या पिशवीवर रक्तदात्याचं नाव नव्हतं. गट, तारीख आणि क्रमांक होता. कोण असेल तो माणूस? आपल्या समाजाचा, दुसऱ्या जातीचा की दुसऱ्या धर्माचा, आम्हाला कधीच कळणार नाही. त्यानं मात्र न विचारता दिलं.

रात्रभर माझी आई वऱ्हांड्यात बसून होती. तिचा थोरला मुलगा, म्हणजे माझा मोठा भाऊ, सहाव्या वर्षी गेला. त्याचे हातपाय दुखायचे, डोळे पिवळे व्हायचे. तेव्हा कुणी त्याचं रक्त तपासलं नाही. पहाटे नातवानं डोळे उघडून बिस्कीट मागितलं, तेव्हा ती म्हणाली, "तवा रडण्याबिगर हाती काही नव्हतं. आज होतं." आमच्या घराला श्रद्धेचा अर्थ तिच्या या बोलण्यातून कळला. कारण शोधलं तर सापडतं, उपाय केला तर लागू पडतो आणि माणूस माणसाच्या मदतीला येतो, यावर आमची श्रद्धा बसली.

तथागतांचा मार्ग हाच आहे. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसारानं आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. त्याच्याजवळ कुणी जात नव्हतं. भगवंतांनी पाणी आणवलं. आनंदासह त्याला स्वतः धुतलं, उचलून खाटेवर निजवलं. मग भिक्खूंना सांगितलं की इथं तुम्हाला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? चांगल्या सेवेकऱ्याचे आणि चांगल्या रुग्णाचे गुणही तिथं सांगितले आहेत. सेवेकऱ्यानं पथ्य जाणावं, मलमूत्राची किळस करू नये. रुग्णानं दुखणं खरं सांगावं, औषध वेळेवर घ्यावं. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आजच्या वॉर्डातही लागू आहे.

आणि रमाई आठवतात. बाबासाहेब आणि रमाईंची चार लेकरं लहानपणीच गेली. त्या दुःखातून उभं राहून बाबासाहेबांनी आपल्याला शिक्षण आणि हक्क मिळवून दिले. आज आमची बहीण औषधाच्या चिठ्ठीवरचं वाचू शकते, डॉक्टरांना प्रश्न विचारू शकते. मुलाचा जीव वाचण्यात या वाचता येण्याचाही वाटा आहे.

विहारात आपण महामंगल सुत्त म्हणतो. त्यात कृतज्ञतेला मंगल म्हटलं आहे. पण नाव माहीत नसलेल्या रक्तदात्याचे उपकार फेडायचे कसे? आम्ही घरात बसून तीन गोष्टी ठरवल्या.

पहिली, रक्तदान. १८ ते ६५ वयाचा, किमान ४५ किलो वजनाचा आणि १२.५ हिमोग्लोबिन असलेला निरोगी माणूस रक्त देऊ शकतो. पुरुषांनी तीन महिन्यांनी, स्त्रियांनी चार महिन्यांनी पुन्हा द्यावं. मी आणि मेहुण्याचे भाऊ ६ डिसेंबरला जाऊन आलो. १४ एप्रिललाही जाणार आहोत.

दुसरी, तपासणी. बहिणीच्या सासरी "सुनेनं रोग आणला" अशी कुजबुज होती. हे साफ खोटं आहे. हा गुण आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच मूल 'एसएस' होतं; दोघेही वाहक, म्हणजे 'एएस', असतील तर तसं होऊ शकतं. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी होण्याची २५ टक्के असते. वाहक माणूस आजारी नसतो. हा कुणाच्या पापाचा किंवा जातीचा दोष नाही. जिथं मलेरिया फार होता तिथं हा गुण टिकून राहिला, कारण वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. म्हणून पत्रिका जुळवण्यापेक्षा लग्नाआधी रक्त जुळवून पाहा. बोटातून थेंबभर रक्त घेऊन सरकारी आरोग्य केंद्रात प्राथमिक चाचणी होते. त्यात सिकलसेल दिसलं तर वाहक की रुग्ण, हे दुसऱ्या चाचणीनं पक्कं होतं. आमच्या दोन्ही घरच्या सगळ्या मुलामुलींची तपासणी झाली. कुजबुज थांबली.

तिसरी, औषधात खंड नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड रोज, ठरलेल्या दिवशी रक्ततपासणी, लसी वेळेवर, भरपूर पाणी. थंडी, पावसात भिजणं आणि कडक ऊन टाळायचं.

खालीलपैकी काहीही दिसलं तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा:

• १०१ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप
• छातीत दुखणं, धाप लागणं
• अचानक पांढरं पडणं, पोटाची डावी बाजू फुगणं
• तोंड वाकडं होणं, हातपाय लुळा पडणं, बोबडी वळणं
• घरच्या गोळीनं न थांबणाऱ्या असह्य वेदना

दवाखान्यात गेल्यावर पहिल्याच वाक्यात "पेशंट सिकलसेलचा आहे" हे सांगा आणि कार्ड दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. त्याच्या प्रमाणपत्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करा.

संकट टळल्यावर गोडधोड करावं, विहारात मेणबत्ती लावावी, बुद्धवंदना घ्यावी. मन हलकं होतं. सोबत आपल्या गल्लीत कुणाकुणाची तपासणी राहिली आहे, त्यांचीही यादी करावी. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर दहा मिनिटं या विषयाला द्या, आशाताईंना बोलवा. ज्याचं नाव आपल्याला कधी कळणार नाही, असं एखादं लेकरू त्यातून वाचेल.

जयभीम.