टेस्टचा निकाल मशीनलाही वाचता येऊ द्या

स्वतःचं टेस्टिंग टूल लिहीत असाल तर त्यात जेयुनिट एक्सएमएल रिपोर्टची सोय जरूर घाला. स्क्रीनवरचा हिरवा-लाल निकाल माणसाला कळतो. जेनकिन्स, गिटलॅब या बिल्ड चालवणाऱ्या साधनांना मात्र ठरलेल्या साच्यातली फाईल लागते. हा साचा जावाच्या जेयुनिटचा, अपाची अँटमधून पसरलेला. आज पायटेस्ट आणि नोडही तो लिहितात.

रचना सोपी आहे. बाहेर टेस्टसूट, आत प्रत्येक चाचणीचा टेस्टकेस, त्यावर नाव आणि लागलेले सेकंद. अपेक्षित उत्तर आलं नाही तर 'फेल्युअर', प्रोग्रामच मध्ये कोसळला तर 'एरर'. ही दोन्ही एकत्र करू नका, चूक शोधणाऱ्याची अर्धी मेहनत तिथंच वाचते.

खरी मेख चाचण्यांच्या नावांत आहे. उदाहरण घ्या: भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) कापूस खरेदीत ओलावा 8 ते 12 टक्क्यांच्या हिशेबात बघतात. समजा, त्यावर चाचणी लिहिली आणि नाव दिलं 'ओलावा < 12'. ते '<' चिन्ह एस्केप न करता फाईलमध्ये गेलं की एक्सएमएल मोडतं आणि सगळा रिपोर्ट वाया जातो. टर्मिनलच्या रंगांसाठीचं 'एस्केप' अक्षर तर एक्सएमएल 1.0 मध्ये चालतच नाही, ते काढूनच टाका. मराठी नावं मात्र बिनधास्त द्या, यूटीएफ-8 मध्ये ती नीट दिसतात.

आणि रिपोर्ट लिहून झाला म्हणून एक्झिट कोड शून्य देऊ नका. चाचणी फसली तर बिल्ड लाल दिसलंच पाहिजे.