आतड्यातल्या पेशींचा ब्रेक

स्लायगोतल्या साठीच्या आसपासच्या मराठी मंडळींना 'बॉवेलस्क्रीन'चं पत्र आलं असेल. शौचाचा नमुना घरीच घेऊन पोस्टाने पाठवायचा, तोही मोफत. आयर्लंडमध्ये ही तपासणी २०१२ पासून सुरू आहे. 'मला तर काहीच त्रास नाही' म्हणून ते पत्र बाजूला ठेवू नये. का, ते आतड्यातल्या मूलपेशी सांगतात.

मोठ्या आतड्याच्या अस्तरात लक्षावधी सूक्ष्म खळगे असतात. खळग्याच्या तळाशी मूलपेशी राहतात. त्यांच्यापासून झालेल्या नव्या पेशी वर सरकतात आणि साधारण चार-पाच दिवसांत झडून जातात. तळाशी 'विंट' नावाचा रासायनिक संदेश जोरात असतो. त्यामुळे बीटा-कॅटेनिन हे प्रथिन पेशीकेंद्रात शिरतं आणि विभाजनाची जनुकं चालू करतं. वर जाताना संदेश क्षीण होतो. मग एपीसी हे प्रथिन इतरांच्या मदतीने बीटा-कॅटेनिन नष्ट करवतं आणि ती जनुकं बंद होतात. एपीसी म्हणजे पेशीचा ब्रेकच.

मोठ्या आतड्याच्या दहापैकी सुमारे आठ कर्करोगांत एपीसीचं जनुक बिघडलेलं आढळतं. संदेश नसतानाही पेशी विभागत राहतात आणि मोड, म्हणजे पॉलिप, तयार होतो.

पण ब्रेक कुठल्या पेशीत निकामी होतो, यालाही महत्त्व आहे. २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने उंदरांच्या मूलपेशींतून एपीसी काढलं, तेव्हा गाठी झपाट्याने वाढल्या. वरच्या अल्पायुषी पेशींतून काढलं, तेव्हा वाढ बहुतेक खुंटली. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांमध्ये एपीसी पुन्हा चालू केलं. गाठी विरल्या आणि पेशी पुन्हा नेहमीसारख्या वागू लागल्या. हे अजून माणसांवरचं औषध नाही, पण हा रोग मुळात जनुकांच्या नियंत्रणाचा आहे, हे त्यातून स्पष्ट झालं.

पॉलिपचा कर्करोग व्हायला केआरएएस, टीपी५३ अशा आणखी जनुकांत बिघाड व्हावा लागतो. त्याला बहुधा दहाएक वर्षं जातात. या काळात सहसा दुखत नाही, पण डोळ्यांना न दिसणारं रक्त झिरपू शकतं. घरच्या चाचणीत तेच शोधतात. रक्त आढळलं म्हणजे कर्करोगच असं नाही. पुढे कोलोनोस्कोपी होते आणि पॉलिप बहुधा तेव्हाच काढता येतो.

शौचात रक्त दिसलं, सवयी काही आठवडे बदललेल्या राहिल्या किंवा घरात कुणाला हा रोग झालेला असेल, तर पत्राची वाट न पाहता जीपींना भेटा. वय काहीही असो.